एक्स्टेंशन रीलची केबल दर वेळी पिळते आणि अडकते. नेमके कारण काय?

प्रश्न : कुंपणकाठ

माझ्याकडे २५ मीटर लांबीची एक्स्टेंशन रील आहे. केबल तीन तारांची, दीड चौरस मिलीमीटरची असून तिचे बाहेरचे आवरण पीव्हीसीचे आहे. ड्रम लोखंडी स्टँडवर फिरतो, चारही सॉकेट ड्रमच्याच तोंडावर बसवलेली आहेत आणि भिंतीत लावायचा प्लग केबलच्या बाहेरच्या टोकाला आहे. गवत कापण्याचे यंत्र, प्रेशर वॉशर आणि ड्रिल यांसाठी ही रील वापरली जाते. नवी असताना केबल सरळ बाहेर येत असे. आता मात्र ती जमिनीवर पडताच स्वतःभोवती वळते, जागोजागी तिचे लहान फास तयार होतात आणि ते ओढले गेले की तिथे कायमचा मोड पडतो. गुंडाळताना केबल ड्रमच्या एकाच बाजूला साचते, आणि पुढच्या वेळी उलगडताना वरचा एखादा वेढा खालच्या वेढ्यांत रुतून बसतो. मग ड्रम अडतो आणि हिसके द्यावे लागतात.

या कटकटीमुळे हल्ली लागेल तेवढीच केबल बाहेर काढून बाकीची ड्रमवरच ठेवली जाते. परंतु ड्रमवरील पट्टीवर ‘गुंडाळलेल्या स्थितीत १००० वॅट, पूर्ण उलगडल्यावर ३००० वॅट’ असे छापलेले आहे. ही मर्यादा काटेकोरपणे पाळायची असते, की उत्पादकाने केवळ स्वतःच्या बचावासाठी तसे छापलेले असते? आणि मुळात, ड्रमवर नीट गुंडाळलेल्या केबलमध्ये हा पीळ येतो कुठून, हे कोणी समजावून सांगू शकेल काय?

उत्तर : रंगमंचामागे

पीळ कुठून येतो, हा आपला शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण तो कळला की बाकीची बरीचशी कामे आपोआप सुकर होतात. मी ध्वनी आणि प्रकाशव्यवस्थेचे काम करतो, त्यामुळे दिवसाकाठी पुष्कळ केबल उलगडणे आणि गुंडाळणे हा माझ्या कामाचाच भाग आहे.

ड्रम उभा असून मोकळेपणाने फिरत असेल आणि केबल त्याच्या फिरण्याच्या दिशेतच सरळ बाहेर जात असेल, तर केबलला पीळ पडत नाही. जेवढी केबल सुटते तेवढा ड्रम फिरतो आणि हिशेब तिथेच मिटतो. मात्र ड्रम जमिनीवर आडवा टाकून, न फिरवता, त्याच्या कडेवरून केबलचे वेढे वर उचलून घेतले, तर प्रत्येक वेढ्यामागे केबलमध्ये एक पूर्ण पीळ शिरतो. ड्रमवरील वेढ्याचा सरासरी व्यास २० सेंटीमीटर धरला तर एका वेढ्यात सुमारे ६३ सेंटीमीटर केबल बसते, म्हणजे २५ मीटरमध्ये साधारण ४० वेढे होतात. रील एकदा अशा रीतीने उपसली की केबलमध्ये ४० पीळ पडले, आणि नंतर मूठ फिरवून गुंडाळताना ते पीळ तसेच ड्रमवर चढले. पुढच्या वेळी ते आपल्याला जमिनीवर फासांच्या रूपाने दिसतात. ड्रम अडला की ‘चार वेढे वरूनच काढून घेऊ’ असे बहुतेक जण करतात. त्याची किंमत अशी पुढे मोजावी लागते.

दुसरा उगम म्हणजे ड्रमच्या तोंडावर बसवलेली सॉकेट. यंत्राचा प्लग सॉकेटमध्ये तसाच ठेवून ड्रम फिरवला, तर यंत्राची स्वतःची वायर प्रत्येक फेऱ्याला पिळली जाते. म्हणून गुंडाळण्यापूर्वी यंत्राचा प्लग काढावा, आणि त्याही आधी भिंतीतील प्लग काढावा. हे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहेच, पण पिळाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहे, कारण केबलचे दुसरे टोक मोकळे असल्याखेरीज साचलेल्या पिळाला बाहेर पडायला वाटच नसते.

आपल्या रीलची रचना पाहता प्लग न लावता भिंतीजवळ ठेवून, रील हातात घेऊन, कामाच्या जागेकडे चालत केबल सोडत जाणे सोपे पडेल. केबल जमिनीवर घासत नाही, आहे तिथेच अलगद पडते. कामाच्या जागी पोहोचल्यावरच प्लग भिंतीत लावावा. परतताना मात्र दोन पर्याय आहेत. केबल निरोगी असेल तर भिंतीकडे चालत चालत गुंडाळावी. ती आधीच पिळलेली असेल, तर रील एका जागी ठेवून, केबल पूर्ण लांबीने पसरून, मोकळे टोक आपल्याकडे ओढले जाईल अशा रीतीने गुंडाळावी. ड्रमच्या अलीकडे हातभर अंतरावर केबल कापडात हलकेच चिमटीत धरली की पीळ बोटांपुढे ढकलला जातो आणि प्लगचे टोक जमिनीवर गरगर फिरून तो सोडून देते. शिवाय केबल पुसली जाते आणि आवरणावर कुठे चीर असेल तर ती बोटांना जाणवते. कापड कोरडे असावे, एवढीच अट.

वेढा रुतण्याचे कारण वेगळे आहे. खालचे थर सैल आणि वरचे ताणलेले असले की वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांच्या फटीत पाचरीसारखा घुसतो. चिमटीत धरलेल्या हाताने केबल शिलाई यंत्राच्या बॉबिनवरील दोऱ्याप्रमाणे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवत नेली आणि पहिल्या वेढ्यापासून शेवटपर्यंत ताण सारखा ठेवला, तर रुतण्याला जागा राहत नाही. घट्ट आवळण्याची गरज नाही. केबल ड्रमवर टेकलेली राहील एवढा ताण पुरे.

उत्तर : ओहमचा_चाहता

वॅटच्या मर्यादेबद्दल लिहितो. ती काटेकोरपणे पाळण्याचीच आहे आणि तिच्यामागचे गणित साधे आहे.

दीड चौरस मिलीमीटरच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रोध २० अंश सेल्सिअस तापमानाला किलोमीटरमागे सुमारे १३.३ ओहम असतो. २५ मीटरच्या केबलमध्ये वीज जाऊन परत येते, म्हणजे ५० मीटर तार झाली आणि रोध सुमारे ०.६७ ओहम. २३० व्होल्टवर १००० वॅटचा भार साधारण ४.३ अँपिअर वीज घेतो. त्यामुळे केबलमध्ये निर्माण होणारी उष्णता १३ वॅटच्या आसपास असते. ३००० वॅटचा भार १३ अँपिअर घेतो आणि केबलमधील उष्णता सुमारे ११३ वॅट होते. भार तिप्पट, उष्णता नऊपट, कारण उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे ११३ वॅट जमिनीवर पसरलेल्या २५ मीटरमध्ये वाटले गेले तर केबल कोमट लागेल, त्यापलीकडे काही होणार नाही. तेच ११३ वॅट एकावर एक रचलेल्या थरांत कोंडले गेले तर आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही. साध्या पीव्हीसी आवरणाची तापमानमर्यादा सहसा ७० अंश सेल्सिअस असते. त्यापलीकडे ते मऊ होते, वेढे एकमेकांना चिकटतात आणि शेवटी आतल्या तारा एकमेकींना टेकतात. तांबे तापले की त्याचा रोध आणखी वाढतो, ५० अंशांनी तापले तर सुमारे २० टक्क्यांनी, आणि उष्णता त्या प्रमाणात आणखी वाढत जाते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘गुंडाळलेली केबल म्हणजे कॉइल झाली, तिच्यात चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि म्हणून ती तापते’, असे स्पष्टीकरण वारंवार ऐकू येते. ते चुकीचे आहे. एकाच केबलमधील फेज आणि न्यूट्रल या तारांतून वीज एकमेकींच्या विरुद्ध दिशांनी वाहते, त्यामुळे दोघींची चुंबकीय क्षेत्रे जवळजवळ पूर्णपणे एकमेकांना रद्द करतात. तापण्याचे कारण केवळ रोध आणि कोंडलेली हवा हेच आहे.

‘अर्धी उलगडली तर धोका अर्धा’ हेही खरे नाही. एका मीटरमध्ये निर्माण होणारी उष्णता तेवढीच राहते आणि ड्रमवर उरलेले थर नेमके सर्वांत आतले असतात. आपल्या यादीतील ड्रिल थोडा थोडा वेळ चालते, त्यामुळे त्यासाठी थोडी केबल काढली तरी सहसा बिघडत नाही. प्रेशर वॉशर अर्धा-पाऊण तास सलग चालतो आणि त्याचा भार दीड ते दोन हजार वॅट असू शकतो. त्यासाठी, आणि गवत कापण्याच्या यंत्रासाठीही, शेवटच्या वेढ्यापर्यंत केबल उलगडावी. रीलमध्ये थर्मल कटआउट असेल तर तो वीज तोडेल; पण तो पडला की बटण दाबून लगेच काम पुढे रेटणे म्हणजे दिलेल्या इशाऱ्याकडे पाठ फिरवणे आहे. केबल पूर्ण उलगडून, ड्रम निवल्यानंतरच बटण दाबावे.

प्रतिसाद : कुंपणकाठ

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. गणित पटले. मात्र त्यातून एक नवी अडचण उभी राहते. वॉशर बहुतेक वेळा भिंतीपासून आठ मीटरवर चालवला जातो. केबल पूर्ण उलगडली तर उरलेले सतरा मीटर पायांत येणार आणि तिथेच नवा गुंता होणार. हे जास्तीचे लांबण ठेवायचे कसे?

उत्तर : रंगमंचामागे

आठच्या आकड्यात. जमिनीवर केबलचे गोल वेटोळे रचत गेलात तर प्रत्येक वेटोळे एकाच दिशेचा पीळ वाढवते. इंग्रजी आठसारखी आकृती काढत केबल अंथरली तर एका अंगाला ती डावीकडे वळते आणि दुसऱ्या अंगाला उजवीकडे. एका वळणाने घातलेला पीळ पुढच्या वळणाने निघून जातो. आकृती हात-दीड हात रुंद आणि दीडेक मीटर लांब असली की सतरा मीटर केबल चार-पाच आठांत मावते.

यात क्रम महत्त्वाचा आहे. रचलेल्या आठांमधून जे टोक सर्वांत वर असेल तेच ओढायचे असते. आपण भिंतीपासून सुरुवात करून, भिंतीजवळच आठ रचून, मग रील घेऊन कामाकडे निघालात, तर रीलकडचे टोक आपोआप वर राहते, आणि काम करता करता आणखी दोन मीटर हवे झाले तर वरचा आठ विनासायास सुटतो. उलट क्रमाने रचले आणि तळातले टोक ओढले, तर सगळा ढीगच सोबत येईल. जागा अरुंद असेल तर भिंतीलगत लांब नागमोडी घड्या घातल्या तरी चालते. ढीग उघड्यावर असावा. त्यावर ताडपत्री, सतरंजी किंवा गवताचा भारा टाकू नये, नाहीतर ड्रमवरून वाचवलेली उष्णता पुन्हा तिथेच कोंडली जाईल. पाणी साचणारी जागाही टाळावी. ड्रम आणि त्यावरची सॉकेट वॉशरच्या तुषारांपासून दूर, शक्य तर थोड्या उंचीवर ठेवावीत, आणि बाहेरच्या कामाला ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीचे (वीज जमिनीकडे गळू लागताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे) संरक्षण असलेलेच सॉकेट वापरावे.

उत्तर : निरगाठ_सुरगाठ

वरील उत्तरांत पिळाचा विचार नीट झाला आहे. मला गाठींबद्दल लिहायचे आहे, कारण पीळ आणि गाठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. पीळ केबलच्या अंगात असतो. गाठ पडायला मात्र मोकळे टोक लागते. दोन्ही टोके बांधलेली असतील तर केबल कितीही हिंदकळली तरी तिला खरी गाठ पडूच शकत नाही.

मोकळ्या टोकाचा हा खोडकरपणा प्रयोगांनीही दाखवून दिला आहे. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दोरीचा तुकडा एका खोक्यात टाकून ते खोके यंत्राने फिरवले. काही सेकंदांतच गाठी पडू लागल्या. सुमारे ४६ सेंटीमीटरपेक्षा आखूड दोरीला गाठ जवळजवळ पडलीच नाही; लांबी वाढवली तशी गाठीची शक्यताही झपाट्याने वाढली. दोरी गुंडाळलेल्या स्थितीत असताना तिचे टोक शेजारच्या वेढ्यांच्या वरून आणि खालून सरकत गेले की वेणी घातल्यासारखी गाठ तयार होते, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. या कामाला २००८ सालचे भौतिकशास्त्राचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठी दिले जाणारे, पारितोषिक मिळाले. विषय हसण्यासारखा वाटला तरी ज्याने कधी केबलचा गुंता सोडवला आहे त्याला त्यात हसण्यासारखे फारसे सापडणार नाही.

रीलच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच, की गुंडाळून झाल्यावर प्लगचे टोक सैल सोडू नये. स्टँडवर त्यासाठी खाच किंवा चिमटा असतो, तिथे प्लग अडकवावा. नसेल तर वेलक्रोची पट्टी बांधावी. रील गाडीतून नेताना सैल टोक एका वेढ्याखाली गेले की पुढच्या वेळी ड्रम अडणारच. कुंपणकाठ यांच्या ड्रम अडण्यामागे सैल थरांइतकाच या टोकाचाही हात असावा, असा माझा तर्क आहे.

ज्यांच्याकडे रील नसून नुसती लांब केबल आहे, त्यांच्यासाठी एक वेढा वरून आणि पुढचा वेढा मनगट उलटे वळवून खालून घेण्याची पद्धत उत्तम आहे. आठच्या आकड्यातील तत्त्वच त्यात हातावर वापरले जाते. पण तिला एक खोड आहे. टोक चुकून वेढ्यांच्या मधून ओवले गेले, तर केबल ओढताना हातभर अंतरावर एक, अशा गाठींची माळच हाती येते. म्हणून तिथेही टोक बांधणे आलेच. कोपर आणि पंजा यांच्याभोवती केबल गुंडाळण्याची सवय मात्र सोडून द्यावी. प्रत्येक वेढ्याला एकाच दिशेचा पीळ आणि तोही तीव्र वळणासह बसतो, आणि आतल्या बारीक तारा त्यानेच तुटू लागतात.

माझे वैयक्तिक मत असे, की जड भार सलग चालवणाऱ्या आणि एरवी आठ-दहा मीटरच पुरणाऱ्या माणसाला रीलची गरज नाही. दहा मीटरची, रबरी आवरणाची वेगळी केबल हाताने गुंडाळून खुंटीला टांगून ठेवावी.

उत्तर : पक्कड_पेचकस

शेवटच्या मताशी मी अंशतः सहमत आहे. कुंपणापर्यंत पोहोचायचे तर २५ मीटर लागणारच. आता जी केबल हातात आहे तिचे काय करायचे, ते सांगतो.

केबल पूर्ण उलगडून, वीज न जोडता, दोन्ही टोके मोकळी ठेवून उन्हात सरळ पसरावी. पीव्हीसी थंडीत ताठ राहते आणि ऊब मिळाली की सैलावते. जुन्या वेढ्यांचा बाक तासाभरात बराच कमी होतो. गच्ची किंवा जिना असेल तर एक टोक वर धरून केबल खाली सोडली तरी ती स्वतःच फिरून पीळ मोकळा करते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. केबलचा पीळ जातो, पण केबल जाळण्याच्या आत तो काढावा लागतो.

यानंतर केबल बोटांमधून सावकाश सरकवत न्यावी. आवरण एकसारखे गोल लागले तर चिंता नाही. कुठे मळसूत्रासारखे उंचवटे जाणवले, म्हणजे आतल्या तिन्ही तारा एकमेकींभोवती गोळा होऊन कायमच्या वाकल्या आहेत असे समजावे. बाहेरचे आवरण सरळ केले तरी आतला वाक जात नाही. असा भाग कापून टाकावा आणि केबल आखूड करून पुन्हा जोडावी, किंवा पूर्ण बदलावी. चिरलेल्या आवरणावर चिकटपट्टी गुंडाळून ती केबल ड्रमवर चढवू नये, कारण पट्टीचा जाडसर भाग थरांमध्ये अडकतो, पट्टी सरकते आणि चीर उघडी पडते. केबल ड्रममध्ये जिथून शिरते ते आतले टोकही तपासावे. शेवटचा वेढा हिसक्याने ओढला जातो तेव्हा सगळा ताण तिथल्या पकडीवर येतो, आणि पकड ढिली असेल तर तो थेट जोडणीच्या स्क्रूवर जातो. अर्थिंगची तार तिथे सुटली तर यंत्र नेहमीसारखे चालत राहते आणि दोष कुणाच्याच लक्षात येत नाही, म्हणून मल्टिमीटरने प्लगच्या अर्थ पिनपासून सॉकेटच्या अर्थपर्यंत जोडणी सलग आहे ना, ते पाहावे. हे सारे भिंतीतील प्लग काढूनच.

बदलायची वेळ आली तर दीडऐवजी अडीच चौरस मिलीमीटरची केबल घ्यावीशी वाटेल, पण ती जाड असल्याने त्याच ड्रमवर २५ मीटर मावेलच असे नाही. आधी मोजून पाहावे. रबरी आवरणाची केबल थोडी महाग आणि जड असते, तरी थंडीतही लवचिक राहते आणि वेढ्यांचा बाक धरून ठेवत नाही. नवी रीलच घेणार असाल तर मधला गाभा मोठ्या व्यासाचा आहे का आणि सॉकेटची तबकडी स्थिर राहून ड्रम तिच्याभोवती फिरतो का, या दोन गोष्टी मी रंग आणि चाकांच्या आधी पाहीन. घरगुती रीलसाठी आयईसी ६१२४२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा उल्लेख रीलवर असावा.

प्रतिसाद : कुंपणकाठ

सांगितल्याप्रमाणे केबल पसरून तपासली. उंचवटे फक्त प्लगजवळच्या दीड-दोन मीटरमध्ये आहेत, त्यामुळे तेवढा भाग कापून नवा प्लग बसवून घेणार आहे. एक शेवटची शंका : लांबी कमी पडली तर शेजाऱ्यांकडची तशीच दुसरी रील हिला जोडली तर चालेल का? दोन्ही पूर्ण उलगडलेल्या असतील, हे गृहीत धरावे.

उत्तर : ओहमचा_चाहता

पूर्ण उलगडल्याने तापण्याचा प्रश्न सुटेल, पण दोन प्रश्न उरतात. पहिला व्होल्टेजचा : दोन रीलचे मिळून ५० मीटर झाले की रोध १.३३ ओहम होतो आणि १० अँपिअरवर १३ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. मोटारीला ते सुरू होताना जाणवते, कारण तेव्हा ती कितीतरी जास्त वीज मागते.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. यंत्राजवळ शॉर्टसर्किट झाले तर एमसीबीने (घराच्या बोर्डातील, जादा प्रवाहाला आपोआप पडणाऱ्या स्विचने) तत्क्षणी वीज तोडायला हवी. सी प्रकारच्या १६ अँपिअरच्या एमसीबीला तत्क्षणी पडण्याची खात्री मिळण्यासाठी दहापट, म्हणजे १६० अँपिअर, प्रवाह लागतो. घराच्या वायरिंगचा आणि पुरवठ्याचा रोध अर्धा ओहम धरला, तर दोन रीलच्या टोकाला एकूण रोध १.८३ ओहम होतो आणि शॉर्टसर्किटचा प्रवाह १२६ अँपिअरच्या आसपासच राहतो. एमसीबी पडेल, पण कदाचित काही सेकंदांनी, आणि तोवर केबल तो प्रवाह सोसत राहील. एकाच रीलवर, इतर सर्व गोष्टी त्याच धरल्या, तर हा प्रवाह जवळजवळ १९७ अँपिअर येतो. म्हणून ५० मीटर खरोखरच लागणार असतील तर अडीच चौरस मिलीमीटरची एकसंध केबल घ्यावी. तिचा रोध सुमारे ०.८ ओहम असल्यामुळे टोकाशी १७० अँपिअरहून अधिक प्रवाह मिळतो आणि दोन रीलमधला उघड्यावरचा जोडही टळतो.